फोन जुना आहे, चालतोय, म्हणून बदलत नाही



आधी शेतातलं सांगतो. हरभरा घाट्यात आलाय. दोन दिवस आभाळ आलं होतं म्हणून सकाळी कामगंध सापळे बघून आलो. पतंग आहेत, पण सापळ्यामागं दोन-तीनच. रोज आठ-दहा सापडायला लागले, तेही सलग तीन दिवस, तर औषधाचा विचार करायचा. तोपर्यंत निंबोळी अर्क आणि पक्षीथांबे बास. तुरीची मळणी झाली. उतारा विचारू नका, सप्टेंबरच्या पावसानं आपल्या लातूर-धाराशिवकडं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे.

आता आजचा विषय. वरवर शेतीचा वाटणार नाही, पण शेवटपर्यंत वाचा.

परवा रात्री टीव्हीवर एक चर्चा लागली होती. एक साहेब सांगत होते की लोक आता मोबाइल लवकर बदलत नाहीत, पूर्वी दोन वर्षांत बदलायचे, आता तीन-चार वर्षं काढतात, बाजारात मरगळ आहे, ग्राहकाचा उत्साह कमी झालाय. दुसऱ्यानं मान डोलावली. मग उत्साह वाढवायला काय करावं यावर दोघं बोलले. हप्ते सोपे करावेत, जुना फोन घेऊन नवा द्यावा, एआय का काय ते लोकांना समजावून सांगावं.

मला त्या ‘मरगळ’ शब्दाचा राग आला. माझा फोन २०२० सालचा आहे. मला काही मरगळ आलेली नाही. रोज पाचला उठून मोटार चालू करायला जातो. फोन चालतोय म्हणून बदलत नाही, याला मरगळ म्हणत असतील तर आमच्या गावात वीस वर्षांपूर्वीचे ट्रॅक्टर चालवणारे सगळे मरगळलेले म्हणायचे. चांगली वस्तू पुरवून वापरणं हा आजार कधीपासून झाला?

आकडे मी बघितले. जगात सगळ्यात जास्त स्मार्टफोन गेले ते २०१६ च्या आसपास, वर्षाला साधारण १४७ कोटी. २०२३ ला ते ११७ कोटींच्या आसपास आले. २०२४ ला थोडे वाढून १२४ कोटी. आपल्या देशात २०१८ पासून गाडी १४ ते १६ कोटींच्या मध्येच फिरतेय, खाली जात नाही आणि वर चढत नाही. म्हणजे साहेबांची बातमी खोटी नाही. लोक खरंच थांबलेत. पण का थांबलेत हे विचारायला स्टुडिओतून उठून बसस्टँडवरच्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर जावं लागतं.

माझे फोन कधी कधी बदलले ते सांगतो. पहिला बटणांचा, २००९ ला घेतला. बोलायचं आणि बॅटरी लावून रात्री पाणी द्यायला जायचं, एवढंच काम. तो पाच वर्षं गेला. मग २०१४ ला पहिला टच स्क्रीन, कारण सगळे व्हॉट्सॲपवर गेले आणि आडत्याचा भाव तिथं यायला लागला. २०१७ ला परत बदलला. कारण ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, नेट फुकट झालं, आणि माझ्या फोनला ४जी नव्हतं. फुकटचं पाणी कॅनॉलमधून वाहतंय आणि आपल्याकडं पाइपच नाही, असं झालं. त्यातच नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, हळूहळू यूपीआय आलं. त्या फोननं मला खरंच नवीन काम दिलं. आणि २०२० ला लॉकडाऊनमध्ये धाकटीची शाळा ऑनलाइन झाली, तेव्हा माझा तिला दिला आणि हा आताचा घेतला, साडेअकरा हजारांना.

बघा, दर वेळेला कारण होतं. दर वेळेला नवा फोन असं काहीतरी करायचा जे जुना करूच शकत नव्हता. बटणाच्या फोनवर व्हॉट्सॲप नाही. ३जी वर व्हिडिओ नाही. पण आता मला सांगा, २०२६ चा फोन माझ्यासाठी असं काय करतो जे २०२० चा करत नाही? बाजारभाव दोन्हीवर दिसतो. हवामानाचा अंदाज दोन्हीवर तोच, आणि चुकायचा तो दोन्हीवर चुकतो. सातबारा दोन्हीवर निघतो. पैसे दोन्हीवरून जातात. पानावरच्या तांबेऱ्याचा फोटो दोन्हीवर एवढा स्पष्ट येतो की कृषी सहायकाला कळावं. ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला देशात सुरू झालं. झालं असेल. ४जी वर भाव दोन सेकंदांत उघडतो, ५जी वर एका सेकंदात उघडेल. वाचलेल्या त्या एका सेकंदात भाव काही वाढत नाही.

माझा भाचा तालुक्याला मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. चांगला पोरगा आहे. तो म्हणतो, मामा, तुमचा कॅमेरा तेरा मेगापिक्सेल, नव्यात पन्नास. मी म्हटलं, बाळा, बैलाच्या बाजारात दलाल आधी तोंड उघडून दात दाखवतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती. वय कळतं त्यानं. पण बैल खांद्याला कसा आहे, मारका आहे का, वळणावर थांबतो का, हे दातात दिसत नाही, ते औताला जुंपल्यावरच कळतं. तुमचं मेगापिक्सेल, जीबी, हर्ट्झ हे सगळं दात दाखवणं आहे. मला औताला जुंपून दाखव. तो हसला. म्हणाला, मामा, गिऱ्हाईक तुमच्यासारखंच बोलायला लागलंय हल्ली.

हे झालं गरजेचं. आता पैशाचं.

मी फोनची किंमत रुपयांत मोजत नाही, सोयाबीनमध्ये मोजतो. तुम्हीही मोजून बघा. ऑगस्ट २०२१ ला सोयाबीननं काही बाजारांत दहा हजारांचा आकडा ओलांडला होता. सगळ्यांना तो भाव मिळाला नाही, पण नऊ हजार धरा. पंधरा हजारांचा फोन म्हणजे पावणेदोन क्विंटल सोयाबीन, तीसुद्धा पुरती नाही. २०२४ च्या सुगीत सरकारचा हमीभाव होता ४८९२, आणि मोंढ्यात कितीकांनी चार हजार, बेचाळीसशेनं माल घातला. बेचाळीसशेनं तोच फोन साडेतीन क्विंटलच्या वर जातो. म्हणजे तीन वर्षांत माझ्या हिशोबानं फोन दुप्पट महाग झाला, दुकानातली चिठ्ठी तीच राहूनसुद्धा. आणि चिठ्ठी तीच राहिलेली नाही हे तुम्हाला माहीत आहे. पूर्वी सात-आठ हजारांत बरा फोन यायचा, आता त्या पैशात दुकानदार तोंड वाकडं करतो. २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव ५३२८ होता, पण ज्याचं सोयाबीन पाण्यात गेलं त्यानं काय, कागदावरचा भाव घेऊन दुकानात जायचं?

शहरातले विश्लेषक ‘ग्रामीण मागणी’ म्हणतात ना, ती ही आहे. सोयाबीन, कापूस, कांदा यांचा भाव बघा, मग मोबाइलचा खप बघा. बाकी सल्लागार नेमायची गरज नाही.

आणि रिचार्जचं कुणी बोलतच नाही. जुलै २०२४ ला मोठ्या कंपन्यांनी एकापाठोपाठ एक दर वाढवले. रोज दीड जीबीचा जो रिचार्ज २३९ ला होता तो २९९ झाला. तो महिन्याचा नाही, २८ दिवसांचा. वर्षात बारा नाही, तेरा वेळा मारावा लागतो. आमच्या घरात चार फोन आहेत. चार गुणिले तेरा गुणिले २९९, किती झाले? पंधरा हजार पाचशे अठ्ठेचाळीस. म्हणजे घरात दर वर्षी एक नवा फोन येतोच आहे, फक्त तो दिसत नाही, हवेत जातो. मग दिवाळीच्या सेलला माझ्या खिशातून अजून एक फोन कसा निघणार? विहीर एकच आहे. तिच्यात दोन मोटारी टाकल्या तर दोन्ही उपसणार आणि पाणी मात्र तेवढंच राहणार.

आता मुख्य मुद्द्याला येतो. फोन बिघडतो कुठं? माझ्या अनुभवानं शंभरातले ऐंशी फोन दोनच गोष्टींनी जातात, बॅटरी आणि काच. काच हाताच्या चुकीनं जाते, ते सोडा. बॅटरी मात्र जाणारच. लिथियमची बॅटरी चार-पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद उतरते, रोज चार्ज करणाऱ्याला दोन-तीन वर्षांत फरक कळतो. तो दोष नाही, तिचा धर्मच तो. ट्रॅक्टरची बॅटरी जाते तशी. पण ट्रॅक्टरची बॅटरी गेली म्हणून ट्रॅक्टर विकायला काढलेला कुणी बघितलाय का?

माझ्या २००९ च्या फोनचं मागचं झाकण नखानं निघायचं. बॅटरी काढ, बॅटरी घाल. पावसात भिजला तर बॅटरी काढून फोन ज्वारीच्या डब्यात ठेवायचो. आता पाठ डिंकानं चिकटवलेली असते. गरम हवा मारा, पत्ती घाला, सावकाश उचला, काच तडकली तर तो खर्च वेगळा. मी दोनदा बॅटरी बदलून घेतली, एकदा नऊशे, एकदा अकराशे. स्टँडवरचा दुरुस्तीवाला म्हणतो, काका, बदलायला दहा मिनिटं लागतात, उघडायला पाऊण तास. पाऊण तास कशाचा? डिंकाचा. डिंक घालायचा निर्णय कुणीतरी खुर्चीत बसून घेतलाय.

कंपन्या म्हणतात पाणी आत जाऊ नये म्हणून चिकटवतो. थोडं खरं आहे त्यात. पण बॅटरी बदलण्याचा आणि नवा फोन विकण्याचा संबंध काय आहे हे कंपनीच्याच तोंडून आलंय, मी नाही सांगत. डिसेंबर २०१७ ला ॲपलनं कबूल केलं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरनं कमी केला जातो. कारण दिलं की फोन अचानक बंद पडू नये. लोक भडकले. फोन हळू झाला म्हणून कितीकांनी नवा घेतला होता, आणि दुखणं होतं फक्त बॅटरीचं. मग कंपनीनं २०१८ साल बॅटरी बदलायचे पैसे ७९ डॉलरवरून २९ डॉलर केले. झालं काय? २ जानेवारी २०१९ ला त्यांचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहिलं की यंदा धंदा अंदाजापेक्षा कमी होणार. कारणं बरीच दिली, चीनमधली मंदी सगळ्यात वर. पण त्या यादीत हेही होतं, की लोकांनी स्वस्तात बॅटऱ्या बदलून घेतल्या.

नीट वाचा हे. स्वस्तात बॅटरी मिळाली तर माणूस लाखाचा फोनसुद्धा घेत नाही. जगातल्या सगळ्यात श्रीमंत गिऱ्हाइकाची ही गोष्ट. मग आम्ही काय वेगळे? उत्साह-बित्साह काही नाही, बॅटरी आहे.

एवढं सगळं असूनही मी शांत बसलो असतो. कारण कंपनीनं कितीही जाहिरात केली तरी ती माझ्या हाताला धरून दुकानात नेत नाही. नाही म्हणता येतं. पण एक जण असा आहे ज्याला नाही म्हणता येत नाही, आणि त्याच्यासाठीच हे लिहायला बसलो.

आमच्या वस्तीवर नात्यातली एक चुलती आहे. दोन एकर कोरडवाहू, नवरा नाही, मुलगा पुण्याला कंपनीत. त्यानं त्याचा जुना फोन तिला दिलेला, २०१७ चा. बोलायला, व्हिडिओ कॉलला, भजनं ऐकायला उत्तम चालतो. गेल्या हंगामात एका सरकारी कामाच्या ॲपची नवी आवृत्ती आली. कोणतं ते लिहीत नाही, मुद्दा एका ॲपचा नाही. शेतात उभं राहून फोटो काढून टाकायचा असतो, तारीख ठरलेली असते, आणि तो टाकला नाही तर पुढचं सगळं अडतं. नवी आवृत्ती तिच्या फोनवर उतरेना. ‘तुमच्या उपकरणावर चालत नाही’ एवढंच. दुसऱ्याच्या फोनवर करता येतं म्हणाले. पण फोनवाल्याला घेऊन शिवारात जायचं, सुगीच्या दिवसांत कोण मोकळं असतं? दोन वेळा लोक आले तिच्याबरोबर, मी एकदा गेलो. दोन्ही वेळेला सर्व्हर बंद. तारीख जवळ आली. तिनं बोकड विकला आणि साडेआठ हजारांचा फोन आणला.

तो बोकड तिनं आखाडासाठी राखला होता. आता त्या टीव्हीवरच्या साहेबांच्या हिशोबात हा फोन कुठं गेला माहीत आहे? ‘मागणी वाढली’ या रकान्यात. त्यांच्या तक्त्यात चुलतीला उत्साह आला. तिच्या घरी जाऊन बघा उत्साह. नवा फोन तिला वापरता येईना, बटणं सगळी इकडची तिकडं झालेली, ती अजून जुन्यावरच भजनं ऐकते. नवा पिशवीत घालून खुंटीला टांगलाय, सरकारी कामाला लागतो म्हणून.

माझं भांडण इथं आहे. जुना फोन बाद कोण करतंय? फोन स्वतः होऊन बाद होत नाही. त्याचं लोखंड, काच, चिप सगळं शाबूत असतं. बाद करतो तो आदेश. कंपनी म्हणते या मॉडेलला आता सॉफ्टवेअर अपडेट नाही. मग ॲप बनवणारा म्हणतो जुन्या अँड्रॉइडवर माझं ॲप नाही. मग खातं म्हणतं आमचं काम ॲपवरच. आणि शेवटी बोकड चुलतीचा जातो. प्रत्येक जण पुढच्याकडं बोट दाखवतो, आणि सगळे आपापल्या जागी बरोबर असतात.

बियाणं-अवजाराचं अनुदान महाडीबीटीवर. शेतकरी ओळख क्रमांकाला ओटीपी. केवायसीला ओटीपी. विम्याची तक्रार ७२ तासांत फोनवरून. यातलं एकही काम मी मागितलं नव्हतं, पण ठीक आहे, तलाठ्याकडं चकरा कमी झाल्या हेही खरं, मान्य करतो. मग फोन हे शेतीचं अवजार झालं की नाही? झालं. तर अवजारासारखा कर लावा. १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवर जीएसटी १२ चा १८ टक्के केला. पंधरा हजारांच्या फोनमध्ये जवळपास तेवीसशे रुपये कर. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले, ट्रॅक्टर ५ टक्क्यांवर आला, ठिबक आणि तुषार ५ टक्क्यांवर आले, चांगलं झालं, मी तेव्हा पेजवर लिहिलंही होतं. मोबाइल १८ वरच राहिला. सरकार एका हातानं म्हणतं फोनशिवाय तुझं काम होणार नाही, आणि दुसऱ्या हातानं त्याच्यावर चैनीच्या वस्तूसारखा कर घेतं.

आता दोन आक्षेप येणार, ते आधीच घेतो. गेल्या वेळेस असल्या विषयावर लिहिलं तेव्हाही आले होते.

एक, जुना फोन धोक्याचा, अपडेट नसतात, खात्यातून पैसे जातील. हा आक्षेप खरा आहे, मी हसण्यावारी नेत नाही. ज्या फोनला सुरक्षेचे अपडेट बंद झाले त्याच्यावर बँकेचं काम करताना जपावं लागतं. अनोळखी लिंक उघडू नका, कुणी पाठवलेली एपीके फाइल बसवू नका, लग्नाची पत्रिका म्हणून आली तरी. पण मला सांगा, अपडेट बंद करायचा निर्णय कुणाचा? माझा नाही. द्यायचे ठरवले तर देता येतात. गूगलनं ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षं अपडेट देऊ म्हणून सांगितलं. सॅमसंगनं जानेवारी २०२४ मध्ये एस २४ ला तेच सांगितलं. म्हणजे जमतं. फक्त महागाच्या फोनला जमतं आणि दहा हजारांच्याला जमत नाही. ज्याच्याकडं दर दोन वर्षांनी बदलायला पैसे आहेत त्याला सात वर्षांची हमी, आणि ज्याला फोन सात वर्षं पुरवायचाय त्याला दोन-तीन वर्षांवर वाऱ्यावर सोडायचं.

दुसरा आक्षेप, लोकांनी फोन घेतले नाहीत तर कारखाने बंद पडतील, पोरांच्या नोकऱ्या जातील. नोएडाला, तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला लाखो पोरं-पोरी फोन जुळवायच्या कामाला आहेत, त्यातली काही आपल्याकडची असतील. त्यांचं वाईट व्हावं असं कोण म्हणेल? पण नोकरी टिकावी म्हणून चांगला फोन फेकायचा, हे म्हणजे बैल विकणाऱ्याचं घर चालावं म्हणून आपला धडधाकट बैल खाटकाला देण्यासारखं आहे. शिवाय दुरुस्ती ही नोकरी नाही का? आमच्या एका तालुक्याच्या स्टँडवर आठ-दहा टपऱ्या आहेत. बारावी नापास पोरं भिंगातून बघत केसाएवढी तार चिकटवतात. त्यांना कंपनीचा खरा सुटा भाग मिळत नाही, नकाशा मिळत नाही, मिळतो तो दिल्लीच्या बाजारातून आलेला दुय्यम माल. त्यांना भाग द्या, शिकवा, बघा किती हातांना काम मिळतं आणि ते गावातच राहतं.

आणि हे स्वप्न नाही, दुसरीकडं चालू आहे. युरोपियन युनियनमध्ये २० जून २०२५ पासून नियम लागू झालाय. तिथं विकायचा असेल तर त्या मॉडेलची विक्री बंद झाल्यावरही किमान पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट द्यायचे, सात वर्षं सुटे भाग पुरवायचे. बॅटरी साधारण ८०० वेळा चार्ज होऊनही ८० टक्के ताकद राखली पाहिजे. फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी गिऱ्हाइकाला स्वतः काढता-घालता यावी असाही नियम तिथं येतोय, काही सवलती सोडून. त्याच कंपन्या इथंही विकतात. तिथं एक कायदा आणि इथं एक जाहिरात.

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचं तर आपल्यासारखंच. तिथं जॉन डियरच्या ट्रॅक्टरमधलं सॉफ्टवेअर फक्त अधिकृत डीलरलाच उघडता येतं, शेतकऱ्याला स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः दुरुस्त करता येत नाही, म्हणून वर्षानुवर्षं भांडण चाललंय. कोलोरॅडो राज्यानं २०२३ ला शेती यंत्रं दुरुस्त करायच्या हक्काचा कायदा केला. जानेवारी २०२५ ला तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं त्या कंपनीवर खटला भरला. आज फोनला डिंक आहे, उद्या आपल्या रोटाव्हेटरला पासवर्ड येईल. हसू नका, मोटारीचे मोबाइल स्टार्टर वापरणाऱ्यांना विचारा.

आपल्याकडं काहीच नाही असं नाही. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं ‘राइट टू रिपेअर’ नावाचं पोर्टल सुरू केलं. त्यात चार क्षेत्रं घेतली आहेत, शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती वस्तू आणि वाहनं. बघा, शेतीचं अवजार आणि मोबाइल एकाच यादीत. ज्यानं ती यादी केली त्याला कळलेलं होतं. २०२५ ला एका समितीनं दुरुस्ती निर्देशांकाचा अहवालही दिला, म्हणजे फ्रीजवर जसे विजेचे तारे असतात तसा फोनवर दुरुस्ती किती सोपी याचा आकडा. चांगली कल्पना आहे. पण पोर्टल म्हणजे माहिती, त्यानं कंपनीवर सक्ती होत नाही. आणि तारे छापून घ्यायचे असतील तर ते दहा हजारांच्या फोनच्या डब्यावर आधी छापा, लाखाच्या नंतर.

तर २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. आमच्या गावात एक ठराव मांडतोय. तुमच्या गावात मांडायचा असेल तर मजकूर उचला, माझं नाव लावायची गरज नाही.

“शेतकऱ्यांना सक्तीची असलेली कोणतीही शासकीय ॲप किमान आठ वर्षं जुन्या फोनवर चालतील अशी हलकी आवृत्ती ठेवावी. ज्यांच्या फोनवर ॲप चालत नाही त्यांचं काम ग्रामपंचायतीत किंवा सेवा केंद्रात विनाशुल्क करून द्यावं आणि त्यासाठी मुदत वाढवून मिळावी. नवी आवृत्ती हंगामाच्या मध्ये आणू नये. मोबाइल फोनवरील वस्तू व सेवा कर, किमान पंधरा हजारांच्या आतील फोनसाठी, शेती अवजारांप्रमाणे ५ टक्के करावा, अशी शिफारस शासनाला करण्यात यावी.”

ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, हा विषय आपल्या अखत्यारीत येत नाही. मी म्हटलं, शिफारस आहे, लिहून घ्या. चुलतीला सूचक म्हणून उभं करतोय, अनुमोदन मी देणार. ती म्हणते मला बोलता येत नाही. मी म्हटलं, बोकडाचं तेवढं सांग.

ज्यांना बॅटरी बदलायची आहे त्यांनी फुगलेली बॅटरी घरात ठेवू नका, दाबू नका, टोचू नका, पेट घेते. चार्जिंगला लावून उशाखाली झोपू नका. दुरुस्तीवाल्याकडं समोर बसूनच बदलून घ्या.

हरभऱ्याचे सापळे उद्या परत बघतो, पतंग वाढले तर संध्याकाळी टाकतो.